माहिती आमची, प्रमाणपत्र कुणाचं?

(नगर जिल्ह्यातील महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'विद्यापीठातलं संशोधन, चर्चासत्रं आणि आपण'. फळ्यावर तो वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला विचारलं, "ताई, याचा आपल्याशी काय संबंध? आपल्याकडे पोटगीच्या केसेस पडल्यात, रेशनकार्डं अडलीत, ऊसतोडीला गेलेल्या बायांची पोरं गावात आजीपाशी आहेत. चर्चासत्रं प्राध्यापकांची. त्यांची त्यांना करू द्या की!" प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. इथली बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान आणि समाजकार्य महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. या महाविद्यालयांतून दरवर्षी चर्चासत्रं, कार्यशाळा, परिषदा भरतात. दारावर फलक लागतो, बीजभाषण होतं, दिवसभर शोधनिबंध वाचले जातात आणि संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली जातात. आता या चर्चासत्रांचे विषय पाहा. महिला सक्षमीकरण, बचत गट, ग्रामीण आरोग्य, स्थलांतरित मजूर, कौटुंबिक हिंसा. म्हणजे विषय आपणच आहोत. आपल्याविषयी बोललं जातं, लिहिलं जातं, छापलं जातं. आणि जे छापलं जातं ते पुढे सरकारी समितीच्या टेबलावर जातं, वकिलाच्या हातात जातं, योजनेच्या कागदात उतरतं. आपला संबंध आहे तो असा.

चर्चासत्राला जाणाऱ्यांना काय मिळतं? कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला पदोन्नतीसाठी उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग करावे लागतात, संशोधन दाखवावं लागतं. महाविद्यालयाचं मूल्यांकन होतं त्यातही चर्चासत्रं मोजली जातात. यात गैर काही नाही. शिकवणाऱ्याने शिकत राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी रजा आणि पैसा मिळाला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की ज्या बाईच्या आयुष्यावर हे शिकणं चालतं तिच्या वाट्याला त्यातलं काय येतं, हेही कुणीतरी मोजावं.

दारातल्या बाया

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात बचत गटांवरच्या चर्चासत्राला मी गेले होते. गावातल्या गटाच्या बायांनाही बोलावलं होतं. मला आनंद झाला. मग पाहिलं, तर दोघींना दारात पाहुण्यांचं औक्षण करायला उभं केलेलं, चौघींना व्हरांड्यात पापड-लोणच्याचा स्टॉल मांडून बसवलेलं. आत सभागृहात 'बचत गटांमुळे निर्णयप्रक्रियेत वाढलेला सहभाग' यावर निबंध वाचन चाललेलं होतं. दुपारी जेवणाच्या रांगेत गटाची अध्यक्ष मला म्हणाली, "आत काय बोलतेत आमच्याबद्दल?" मी सांगितलं. ती म्हणाली, "कर्ज आमच्या नावावर अन् पैसा मालकाच्या हातात, हे बोललं का कुणी?" ते कुणीही बोललेलं नव्हतं. तिला आत खुर्ची मिळाली असती तर दहा मिनिटांत त्या चर्चासत्राला खरा विषय मिळाला असता.

दुसरा अनुभव पाथर्डीकडच्या एका गावातला. या भागातून हजारो कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हे आकडे बाहेर आले हे फार महत्त्वाचं झालं. आपण वर्षानुवर्षं सांगत होतो ते आता कुणाला नाकारता येईना.

पण त्यानंतर आमच्या गावात पाहणी करणाऱ्यांची रीघ लागली. एका वर्षात तीन वेगवेगळे लोक प्रश्नावल्या घेऊन आले. वय किती, मुलं किती, पाळी कधीपासून, पिशवी काढली का, का काढली, कुठे काढली. तिसऱ्या वेळी एक बाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मागल्या टायमाला एवढं लिहून नेलं, त्याचं काय झालं मग?" आलेल्या मुलीजवळ उत्तर नव्हतं. ती बिचारी पदवीचा प्रबंध करत होती, आधी कोण येऊन गेलं हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. दोष तिचा एकटीचा नाही. दोष त्या पद्धतीचा आहे, जिच्यात माहिती गावातून एकदा निघाली की परत येत नाही.

आणि त्या बायांना स्वतःला काय विचारायचं होतं? त्यांचा प्रश्न मजुरीचा होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल नवरा घेतो, अंगठा नवऱ्याचा, हिशेब नवऱ्याशी. बाई पहाटे चारला उठून स्वयंपाक करते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते, वाहते, पण तिच्या नावाची मजुरी कुठल्याही वहीत नसते. "त्या कोयत्यात माझा अर्धा हिस्सा किती रुपयांचा?" हा प्रश्न तिन्ही प्रश्नावल्यांत नव्हता. बायांना विचारून प्रश्नावली केली असती तर तो पहिल्या पानावर आला असता.

अभ्यास आणि चळवळ यांची ताटातूट जुनी नाही

कुणी म्हणेल, विद्यापीठ वेगळं आणि चळवळ वेगळी, हे असंच चालायचं. पण आपला इतिहास तसा नाही.

१९७४ साली भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीविषयीचा 'समानतेकडे' हा अहवाल आला. त्याच साली मुंबईला एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी स्त्री-अभ्यासाचं केंद्र सुरू केलं. १९८१ साली त्याच विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली, आणि तिच्यातून १९८२ साली भारतीय स्त्री-अभ्यास संघटना उभी राहिली. स्त्री-अभ्यास हा विषय विद्यापीठात आला तो चळवळीचं बोट धरून.

मथुरेची केस तुम्हाला माहीत आहे. १९७२ साली आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडून दिलं. १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि पुण्याचे रघुनाथ केळकर. ते पत्र घेऊन गावोगावच्या बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. एकट्या पत्राने ते झालं नसतं, आणि पत्र नसतं तर मोर्च्याला कायद्याची भाषा मिळाली नसती.

गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. तोवर सरकारच्या लेखी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण. पांढरं जातं, कंबर दुखते, हे बाई सांगत होती, पण ते ऐकून घ्यायला खातं नव्हतं. दोन गावांच्या अभ्यासाने जगाला ते ऐकावं लागलं.

आपल्या जिल्ह्यातली विद्यापीठं

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. ज्या विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं, त्या सावित्रीबाईंचं आपल्या नगरशी नातं आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ साली इथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीरावांना प्रेरणा मिळाली. शिक्षिकेचं प्रशिक्षण सावित्रीबाईंनी फरारबाईंच्या इथल्या संस्थेत आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतलं, अशी त्यांच्या चरित्रांतून नोंद आहे. आज ज्याला 'व्यावसायिक विकासाची संधी' म्हणतात, ती आपल्या पहिल्या शिक्षिकेला नगरने दिली. तिने तिचं काय केलं? स्वतःपुरतं प्रमाणपत्र ठेवलं नाही, शूद्र-अतिशूद्रांच्या मुलींना वर्गात बसवलं. संधी मिळाली की ती खाली पोचवायची, ही आपली परंपरा आहे.

संगमनेर घ्या. १९८८ साली तिथे परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली. अ‍ॅड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी ती घडवली. तोवर नवऱ्याने टाकलेली बाई म्हणजे त्या घराची लाज, भावाच्या दारातलं ओझं. विधवेची गणती होती, घटस्फोटितेची होती. जिला काडीमोड न देता नुसतं हाकलून दिलं, ती कुठल्या रकान्यात? संगमनेरच्या परिषदेने हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. २००१ पर्यंतच्या जनगणनेत घटस्फोटित आणि विभक्त एकाच रकान्यात होत्या. २०११ साली त्या वेगळ्या मोजल्या गेल्या, तेव्हा देशात विभक्त स्त्रिया २३ लाखांहून अधिक आणि घटस्फोटित ९ लाखांच्या आसपास निघाल्या. म्हणजे कोर्टाचा कागद हातात असलेल्या एका बाईमागे कागदाविना टाकून दिलेल्या दोघींहून अधिक. हे संगमनेरच्या बायांना आकड्याच्या आधी वीस-बावीस वर्षं ठाऊक होतं. याला संशोधन नाही तर काय म्हणायचं?

जामखेड घ्या. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या बाया, पुष्कळशा दलित वस्तीतल्या, काही निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून शिकल्या. पुढे बाहेरदेशाहून डॉक्टर आणि विद्यार्थी तिथे शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकवायला या बाया उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलल्या. एका पणतीवरून दुसरी पणती लावता येते, तसं हे ज्ञान गावोगाव नेता येतं, असं त्यांनी तिथल्या झुंबराखाली बसलेल्या तज्ज्ञांना सांगितलं. जामखेडच्या बाईला वॉशिंग्टनला व्यासपीठ मिळतं, तर तालुक्याच्या महाविद्यालयात का मिळू नये?

आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण गावरान वाणांचं बियाणं जपलं, त्याची बँक केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या जिल्ह्यात राहुरीला १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे. बियाण्याचं ज्ञान राहुरीत आहे तसं कोंभाळण्यातही आहे, हे मान्य व्हायला इतकी वर्षं लागली. पुरस्कारानंतर सगळे ओळखतात. पुरस्काराआधीच्या राहीबाई आज आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना कोण बोलावतं?

आतल्या बायांचंही पाहा

सगळा राग प्राध्यापकांवर काढून चालणार नाही. विद्यापीठाच्या आतही बाया आहेत आणि त्यांचीही कोंडी आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या कितीतरी प्राध्यापिका आपल्या मैत्रिणी आहेत. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. चर्चासत्राला जायचं तर कर्तव्यरजा नाही, नोंदणी शुल्क खिशातून, एसटीचं भाडं खिशातून आणि त्या दिवसाचे तास बुडाले ते वेगळेच. कायम नोकरीच्या मुलाखतीत मात्र विचारणार, शोधनिबंध किती?

लग्न झालेल्या मुलीला पुण्यात दोन दिवसांच्या कार्यशाळेला जायचं म्हणजे सासूची परवानगी, मुलाचा डबा, संध्याकाळची शेवटची गाडी. परिषदेत पाळणाघर असतं का? सभागृहाला फुलांची तोरणं असतात, पण अंगावर पिणाऱ्या मुलाला घेऊन आलेल्या बाईला बसायला खोली नसते.

पीएच.डी. करणाऱ्या मुलींची तर आणखी वेगळी अडचण. मार्गदर्शकाच्या सहीवर सगळं अवलंबून. तो सज्जन असला तर नशीब. नसला तर चर्चासत्राच्या प्रवासात, क्षेत्रकार्यात होणारा त्रास मुली गिळून टाकतात. त्यांना हे सांगायला हवं, की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार 'परिसर' म्हणजे नुसती कॉलेजची भिंत नव्हे. क्षेत्रभेट, अभ्याससहल, शिबिर, संस्थेने दिलेलं वाहन, सगळं त्यात येतं. तिथल्या लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीपुढे करता येते.

तसंच पीएच.डी.च्या मुदतीत स्त्रियांना दोन वर्षांची जादा सवलत आहे, बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. कित्येक मुली लग्न झालं, मूल झालं म्हणून नाव काढून घेतात, कारण कार्यालयातलं कुणी त्यांना हे सांगत नाही. अनुसूचित जातींच्या मुलींसाठी बार्टी, इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, मराठा-कुणबी मुलींसाठी सारथी, या संस्थांमार्फत संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती दिली जाते. जाहिरात येते आणि मुदत संपते. आपल्या कार्यालयातल्या फळ्यावर ती लागली तर एखादी मुलगी तरी अर्ज करील. आणि ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. आपल्या कितीतरी कार्यकर्त्या तिथून पदवीधर झाल्या आहेत.

आपल्या अटी

तेव्हा करायचं काय? दार लावून घ्यायचं का? नाही. अभ्यासाची गरज आपल्याला जास्त आहे. पोटगीच्या खटल्यापासून रोजगार हमीच्या मागणीपर्यंत आपल्याला आकडा लागतो, नोंद लागते. पण यापुढे नातं अटींवर जोडायचं. मी पाच अटी मांडते, तुम्ही त्यात भर घाला.

पहिली अट. पाहणीला येणाऱ्याने आधी संघटनेत येऊन प्रश्नावली वाचून दाखवावी. त्यात आपल्या बायांचा निदान एक प्रश्न असावा.

दुसरी. बाईची संमती म्हणजे तिच्यासमोर कागद धरून घेतलेला अंगठा नव्हे. कशासाठी, कोण वाचणार, नाव येणार का, हे तिला तिच्या भाषेत सांगावं आणि 'नको' म्हणायची मुभा द्यावी. आरोग्याविषयीच्या सामाजिक संशोधनासाठी अशी नैतिक तत्त्वं २००० सालीच आपल्या देशात तयार झाली आहेत. आपण नवीन काही मागत नाही.

तिसरी. निष्कर्ष गावात परत यावेत. मराठीत, दोन पानांत, सभा घेऊन. इंग्रजी प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात राहू द्या, पण ज्या चावडीवरून माहिती नेली त्या चावडीवर ती वाचली जावी.

चौथी. बाईचा दिवस फुकट नाही. मुलाखतीसाठी तिची मजुरी बुडत असेल तर ती भरून द्यावी. चर्चासत्राला वक्ती म्हणून बोलावलं तर प्राध्यापकाला देतात तेच मानधन आणि तोच प्रवासखर्च तिलाही द्यावा.

पाचवी. आपल्यावर चर्चासत्र असेल तर आपली बाई व्यासपीठावर असावी, आणि तिला नुसती 'यशोगाथा' सांगायला लावू नये. यशोगाथेत रडायचं असतं, मग टाळ्या घ्यायच्या असतात. आपल्याला प्रश्न विचारायचे आहेत.

काही प्राध्यापक मैत्रिणींनी या अटी ऐकून मला विचारलं, यामुळे संशोधन अवघड होणार नाही का? होईल थोडं. पण अधिक खरंही होईल. पुणे विद्यापीठात १९८७ साली स्त्री-अभ्यास केंद्र सुरू झालं. पुढे शर्मिला रेगे यांनी तिथे हाच आग्रह धरला होता, की ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी महाविद्यालयात आलं त्या मुलींचं, दलित-बहुजन स्त्रियांचं जगणं हे नुसतं उदाहरण म्हणून न घेता विचाराचा पाया म्हणून घ्यावं. २०१३ साली त्या गेल्या. त्यांचं काम पुढे नेणं ही नुसती विद्यापीठाची जबाबदारी नाही, आपलीही आहे.

आपलं काम

अटी घातल्या की जबाबदारी येते. आपल्या संघटनांकडे केसेसच्या वह्या आहेत, वर्षानुवर्षांच्या. त्यांत गाव, वय, लग्नाला किती वर्षं, तक्रार काय, निकाल काय, सगळं आहे. पण त्या माळ्यावर उंदीर खातायत. त्या उतरवू या. नावं झाकून, नीट तक्ते करून. समाजकार्याचं शिक्षण घेणाऱ्या मुली क्षेत्रकार्यासाठी आपल्याकडे येतात, त्यांना मोर्चात फलक धरायला उभं करण्याबरोबर या वह्या वाचायला बसवू या. त्यांना शिकायला मिळेल आणि आपला अहवाल तयार होईल. मग चर्चासत्रात आपण माहिती देणाऱ्या म्हणून जाणार नाही, निबंध वाचणाऱ्या म्हणून जाऊ.

माझी सूचना अशी. पुढच्या शिबिराच्या आत प्रत्येक तालुक्यातल्या दोघींनी जवळच्या महाविद्यालयात जावं, प्राचार्यांना भेटावं आणि या पाच अटींचा कागद द्यावा. वर्षभरात कोणती चर्चासत्रं होणार आहेत, त्यांची यादी मागावी. आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं दर्शनी भागात लावली आहेत का, ते येताना पाहून यावं. दुसरं काम, पाथर्डी, शेवगाव आणि जामखेडच्या मैत्रिणींनी मिळून ऊसतोडीच्या 'अर्ध्या कोयत्याची' पाहणी हाती घ्यावी. प्रश्न बायांनी ठरवावेत, विचारायला बायांनीच जावं, आणि पट्टा पडून माणसं गावी परतली की मोजायला बसावं. तक्ते करायला, तपासायला प्राध्यापक मैत्रिणींची मदत जरूर घेऊ. त्यांचं नाव अहवालावर असेल आणि त्याच्या शेजारी बायांचीही नावं असतील.

ज्या बाईने भाकरी थापता थापता विचारलं होतं, त्याचं काय झालं मग, तिला आपल्याला उत्तर द्यायचं आहे. ते उत्तर पुढच्या शिबिरात तक्त्यांसकट इथे मांडू या.

जिंदाबाद!